मामा आणि डावा गाल

मामांनी उभा जन्म लोकांच्या तोंडावरची मुरुमं पुसण्यात घालवला आणि उतारवयात त्यांना नोकरी लागली ती नेमकी मुरुमं दाखवायची. आता बोला. ही बातमी मामींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सांगितली तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकत्र होईपर्यंत त्या हसल्या. हसून झाल्यावर म्हणाल्या की चार दिवसांत घरी पाठवतील, तुमच्या हातून कुणाचा वाईट फोटो निघालाय का कधी. मामांना राग आला, पण राग यायचं कारण असं होतं की त्यांनाही मनातून तीच धास्ती वाटत होती.

मामा हे काही कुणा एकाचे मामा नव्हेत. कोपऱ्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता तेव्हापासून तो सगळा रस्ता त्यांना मामा म्हणतो. पुढे काउंटर, मागे पडदा, दोन दिवे आणि एक उंच स्टूल, एवढाच तो स्टुडिओ. पण तिथून माणूस बाहेर पडायचा तो आत गेला होता त्याहून बरा होऊन. निगेटिव्हचे दिवस होते तेव्हा मामा दिव्यासमोर फिल्म धरून, बारीक टोकाची पेन्सिल घेऊन, एकेक मुरूम पुसत बसायचे. पुढे कॉम्प्युटर आला, पेन्सिलीच्या जागी माउस आला, पण मामांचा स्वभाव तोच. नाक जरा फेंदारलेलं असेल तर दिवा बाजूला सरकायचा. डोळ्याखाली काळं असेल तर हनुवटीखाली पांढरा पुठ्ठा यायचा. एकदा तर एका माणसाला सरकारी कचेरीतून परत पाठवलं, कारण ओळखपत्राच्या फोटोत त्याच्या गालावरचा चांगला वाटाण्याएवढा तीळच नव्हता. तो माणूस तणतणत आला आणि मामा त्याला शांतपणे म्हणाले की कचेरीतल्या लोकांना दृष्टीच नाही.

असा हाडाचा मायाळू माणूस. दुकान बुडणार नाही तर काय होईल?

तसं ते मायेने बुडालं नाही, मोबाइलमुळे बुडालं. जो तो आपला फोटो आपणच काढायला लागला आणि फोनच गाल गुळगुळीत करून द्यायला लागला. प्रत्येकाच्या खिशात एकेक मामा आला म्हटल्यावर खऱ्या मामांना कोण विचारतो. त्यांनी स्टुडिओ बंद केला आणि घरी बसले. घरी बसून काय करायचं, तर स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावायचे, खिडकीतून कुणाच्या तोंडावर ऊन कसं पडतंय ते मामींना सांगायचं. मामींनी काही महिने सोसलं. मग त्यांनीच कुठूनसं शोधून काढलं की त्वचेच्या मोठ्या दवाखान्यात, संशोधनाच्या विभागात, फोटोग्राफर हवाय. त्यांनी मामांना इस्त्रीचा शर्ट घातला आणि जवळजवळ ढकलून पाठवलं.

संशोधन कशावर, तर मुरुमांवर लेझर. त्या कामाच्या प्रमुख एक मॅडम होत्या. चाळिशीच्या, चष्मा कायम केसांत खोचलेला आणि तोच चष्मा कायम शोधत असलेल्या. मामांना त्या पहिल्याच दिवशी आवडल्या, कारण त्या मामांशी सासरच्या माणसाशी बोलावं तसं न बोलता घरच्या माणसाशी बोलावं तसं बोलल्या. त्यांनी चहा मागवला आणि सगळं समजावून सांगितलं. पूर्वी मुरुमांवर मलमं आणि गोळ्या, झालंच तर मुरूम गेल्यावर उरलेल्या खड्ड्यांवर लेझर. आता जगभर वारं फिरलंय. आता लोक म्हणतात, खड्डे पडायची वाट का बघा, कातडीखाली ज्या तेलाच्या ग्रंथी आहेत, जिथून हा सगळा उपद्व्याप सुरू होतो, त्यांनाच लेझरचा चटका द्या आणि वरची कातडी गार ठेवा. पण अशा बऱ्याचशा अभ्यासांत माणसं असतात गोरी. सावळ्या कातडीवर तोच लेझर चालतो का, की डाग मागे ठेवतो, हे नीट कुणी बघितलेलं नाही. ते मॅडमना बघायचं होतं.

आणि बघायचं कसं, तर अर्ध्या चेहऱ्यावर. हे ऐकून मामांनी चहाचा कप खाली ठेवला. मॅडम म्हणाल्या, हो, अर्ध्याच. एका गालाला लेझर द्यायचं, दुसऱ्याला काहीच नाही. माणूस तोच, त्याचं खाणं तेच, झोप तीच, हवा तीच. मग फरक पडला तर तो लेझरनेच पडला. कुणाचा उजवा, कुणाचा डावा, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवणार. शेवटी दोन्ही गालांचे फोटो बाहेरगावच्या दोन डॉक्टरांकडे जाणार. त्यांना कोणत्या गालाला लेझर दिलंय ते सांगायचं नाही. ते म्हणतील तो निकाल. मॅडम स्वतः रोज पेशंट तपासत होत्या, पण त्यांचं मत धरायचं नाही, कारण लेझर चालावा असं त्यांना वाटतंय, आणि ज्याला वाटतं त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नसतो, असा या धंद्याचा नियम. निकाल चांगला आला तर दवाखाना प्रत्येकाच्या राहिलेल्या गालालाही लेझर देईल. नाही आला तर दवाखान्याची कमिटी परवानगी देणार नाही. काम बंद, आणि माणसं अर्धी बरी होऊन घरी.

मामांना दिलेली खोली बिनखिडकीची होती. भिंती राखाडी, दिवे भिंतीला कायमचे ठोकलेले, जमिनीवर खुर्चीची जागा चिकटपट्टीने आखलेली. हनुवटी टेकवायला एक स्टँड. काळी पट्टी केसांवर बांधायची, तोंड धुवायचं, पावडर नाही, कानातलं नाही, हसू नाही. समोरून एक, डावीकडून एक, उजवीकडून एक. फोटोला हात लावायचा नाही, दिव्याला लावायचा नाही, कशालाच लावायचा नाही. आयुष्यभर "जरा हसा" म्हणणाऱ्या माणसाला दिवसभर "हसू नका" म्हणायची पाळी आली. ते ती गोष्ट इतक्या दुःखी चेहऱ्याने सांगायचे की पेशंटला हसूच फुटायचं, आणि मग सगळं पहिल्यापासून.

पण मामा शिकले. मामींना आश्चर्य वाटलं, पण खरंच शिकले. पहिले फोटो मॅडमनी बघितले आणि म्हणाल्या, उत्तम, अगदी असेच हवेत. मामांनी ते घरी येऊन सांगितलं, आणि जेवताना पुन्हा सांगितलं.

त्या पहिल्या खेपेच्या पेशंटांत चष्म्याच्या दुकानातली मुलगी होती. मामांना नावं लक्षात राहत नाहीत, त्यांनी आपलं तिला चष्मेवाली म्हणून टाकलं. वय असेल पंचविशीच्या आत. काम काय, तर गिऱ्हाइकाने चष्म्याची फ्रेम लावून बघितली की त्याच्यासमोर आरसा धरायचा. दोन्ही गाल मुरुमांनी भरलेले असताना दिवसभर आरसे हाताळायचे, म्हणजे बघा. तिने त्यातही युक्ती काढली होती. आरसा असा तिरका धरायची की गिऱ्हाईक दिसेल, आपण नाही. हे तिने मामांना सांगितलं तेव्हा मामा चिकटपट्टी उगीचच नीट करत राहिले.

कॉम्प्युटरने तिचा उजवा गाल निवडला. वरच्या मजल्यावर लेझर व्हायचं, डोळ्यांवर काळा चष्मा लावून. रबरबँड ताणून गालावर सोडावा तसं लागतं, असं ती म्हणाली, आणि वर म्हणाली की लागू दे. काही महिन्यांत उजवा गाल शांत व्हायला लागला. लाली उतरली, गाठी बसल्या. डावा होता तसाच राहिला, उलट उजव्याच्या शेजारी तो जास्तच डोळ्यांत भरायला लागला. पूर्वी दोन्ही गाल लपवायचे होते तेव्हा ती मान खाली घालून चालायची. आता एकच लपवायचा राहिला तर ती भिंतीच्या कडेकडेने चालायला लागली, डावा गाल भिंतीकडे करून. मामांच्या खोलीत शिरतानाही तशीच. खुर्चीत बसली की डोळे घट्ट मिटायची.

मामांचा जीव तुटायचा. एकदा त्यांनी कॅमेऱ्याची लांब वायरची कळ हातात घेतली आणि ते कॅमेऱ्यामागून निघून तिच्या डाव्या हाताला, तिच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले. दवाखान्यात इंजेक्शन देताना आई मुलाच्या बाजूला उभी राहते ना, तसे. म्हणाले, "कुठे काय आहे पोरी? काही नाही. बघ समोर." मग त्यांनी तिला मामींच्या डब्यांची गोष्ट सांगितली. तिचे खांदे सैल पडले, डोळे उघडले, आणि मामांनी कळ दाबली.

युक्ती लागू पडली म्हटल्यावर मामांनी ती सगळ्यांनाच लागू केली. ज्याचा जो गाल वाईट, त्या गालाच्या बाजूला मामा. पेशंट खूश, मामा खूश. फोटोसुद्धा सुरेख यायला लागले. चष्मेवालीने एकदा स्क्रीनकडे चोरून बघितलं आणि म्हणाली की मामा, यात मी बरी दिसते की. मामांची छाती फुगली. आपल्या हाताला अजून गुण आहे, असं ते मामींना म्हणाले. मामी म्हणाल्या, बरी दिसायला पाठवलंय होय तुम्हाला तिथे? मामांनी कानाडोळा केला.

शेवटचे फोटो झाले, दोन डॉक्टरांकडे गेले, आणि एका दुपारी मॅडम खाली मामांच्या खोलीत आल्या. चष्मा डोळ्यांवर होता, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं. त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या की दोन्ही डॉक्टरांनी वेगवेगळं बघून एकच लिहिलंय, दोन गालांत फारसा फरक नाही. त्यांचा आवाज कोरडा होता. म्हणाल्या, मी रोज या माणसांना बोटांनी तपासत होते, मला फरक दिसत होता, पण मला तो दिसायला हवा होता म्हणून दिसत असणार. माझीच चूक. उद्या कमिटीला कळवते आणि काम बंद करते. मामांना सांगायला म्हणून आल्या होत्या, बाकी काही नाही. जाताना म्हणाल्या की तुमचे फोटो मात्र छान होते हं. मामांना ते फार लागलं, का ते त्यांना तेव्हा कळलं नाही.

मॅडम गेल्यावर मामांनी सगळे फोटो स्क्रीनवर लावले. पहिल्या दिवसाचे आणि शेवटचे, शेजारी शेजारी. चष्मेवालीचा शेवटचा फोटो त्यांनी मोठा केला. डावा गाल खरंच बरा दिसत होता. पण मामांनी तो गाल जवळून बघितला होता, तो बरा नव्हता. मग त्यांनी जुन्या सवयीने डोळे बघितले. स्टुडिओतला माणूस फोटोत आधी डोळे बघतो, कारण डोळ्यांत दिवे दिसतात, आणि दिवे कुठे होते ते कळलं की बाकी सगळं कळतं. तिच्या डोळ्यांत भिंतीवरचे दोन दिवे होते. आणि डावीकडे तिसरं काहीतरी पांढरं होतं, उंच, उभं. मामांनी आणखी मोठं केलं.

तो त्यांचा ॲप्रन होता. दवाखान्याचा पांढराशुभ्र ॲप्रन, मामींनी कडक इस्त्री केलेला, आणि त्यात स्वतः मामा.

गाठीच्या एका बाजूला सावली पडते म्हणून गाठ दिसते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? ती सावली घालवायला त्यांनीच जन्मभर हनुवटीखाली पांढरा पुठ्ठा धरला होता. आता पुठ्ठा नव्हता तर ते स्वतःच पुठ्ठा होऊन वाईट गालाशेजारी उभे राहिले होते. त्यांनी दुसऱ्या पेशंटचे डोळे बघितले. मामा. तिसऱ्याचे बघितले. तिथेही मामा. प्रत्येकाच्या वाईट गालाच्या बाजूला, इमानेइतबारे.

आता खरं सांगायचं तर मामा लगेच उठून वर गेले नाहीत. कुणी गेलं असतं असं मला वाटत नाही. त्यांच्या मनात आलं की कुणाला कळणार आहे? फोटोला हात लावला नव्हता, दिव्याला लावला नव्हता. नोकरी जाईल, या वयात पुन्हा डबे लावत बसावं लागेल, आणि ते एक वेळ चालेल, पण मॅडम ज्या नजरेने बघतील ती नजर? त्यांनी स्क्रीन बंद केला, टोपी घातली आणि ते बाहेर पडले. पाय कुठे नेतायत ते त्यांना चष्म्याच्या दुकानासमोर पोचल्यावर समजलं.

काचेतून ती दिसत होती. काउंटरच्या टोकाला, डावा गाल भिंतीकडे. एका म्हाताऱ्या बाईंसमोर तिने आरसा धरला होता, तसाच तिरका. मामांना बघून ती हसली आणि बाहेर आली, दाराच्या चौकटीला डावी बाजू चिकटवून उभी राहिली. निकालाचं तिला अजून काही माहीत नव्हतं. तिने विचारलं, "मामा, आता दुसरा गाल कधी?"

लग्नाची तारीख विचारावी तसं विचारलं हो तिने. मामा काहीबाही पुटपुटले, माझ्या चष्म्याचा स्क्रू ढिला झालाय म्हणाले, तिने तो तिथल्या तिथे पिळून दिला. तेवढा वेळ तिचा डावा गाल मामांच्या नाकासमोर होता. या पोरीच्या तोंडाला आपण पानं पुसली, असं त्यांच्या मनात आलं आणि मग त्यांना तिथे उभं राहवेना.

ते तडक मॅडमच्या खोलीत गेले. दार वाजवायचंही विसरले. मॅडम कमिटीला लिहायलाच बसल्या होत्या. मामा म्हणाले, "मॅडम, तुमच्या डोळ्यांत दोष नाही. दोष या ॲप्रनमध्ये आहे, आणि ॲप्रनमध्ये मी आहे."

मॅडमना आधी काही कळलं नाही. मामांनी त्यांना खाली आणलं, फोटोतले डोळे स्क्रीनवर मोठे करून दाखवले, मग स्वतः खुर्चीत बसून मॅडमना पांढऱ्या कोटात शेजारी उभं केलं आणि आपल्याच सुरकुतलेल्या गालाचा फोटो काढून दाखवला. मग मॅडमना लांब पाठवून पुन्हा काढला. दोन फोटोंतले मामा दहा वर्षांनी लहानमोठे दिसत होते. मॅडम रागावल्या का? तर रागावल्या, चांगल्याच रागावल्या. म्हणाल्या की मामा, यात माझं वर्ष गेलंय, माणसांनी भरवशाने स्वतःचं तोंड आपल्या हवाली केलंय, आणि तुम्ही त्यांचे लाड करत होता. मामांनी मान खाली घातली. आवाज न चढवता बोलत होत्या, म्हणून जास्त लागत होतं.

पण त्या रागातही त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हलकं झालं होतं. आपल्या डोळ्यांनी आपल्याला फसवलं नाही, हे समजल्यावर माणसाला बरं वाटणारच. त्यांनी कमिटीला सगळं खरं कळवलं. मधले सगळे फोटो बाद झाले. शेवटच्या फोटोंची मुदत मात्र अजून सरली नव्हती, म्हणून तेवढे पुन्हा काढायची परवानगी मिळाली. फोटो काढणाऱ्याने अंगावर काळे कपडे घालायचे, कॅमेऱ्यामागेच थांबायचं, आणि खोलीत एक सिस्टर देखरेखीला बसणार. मामांना वाटलं होतं की फोटो काढायला दुसऱ्या कुणाला आणतील. मॅडम म्हणाल्या, नवा माणूस नवी चूक करेल, तुमची निदान मला माहीत तरी आहे.

मामी काळा शर्ट शोधताना पोट धरून हसल्या. चोरीला निघालात का, म्हणाल्या. मग मामांचा चेहरा बघून त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली आणि गप्प बसल्या.

बोलावलेल्यांतले काही आलेच नाहीत, कंटाळले बिचारे. चष्मेवाली आली. काळ्या कपड्यांतले मामा बघून तिला हसू आवरेना. केसांना पट्टी बांधून, हनुवटी टेकवून ती बसली, डोळे घट्ट मिटले, आणि मामा शेजारी यायची वाट बघायला लागली. मामा कॅमेऱ्यामागेच राहिले. मग तिने डोळे उघडले आणि विचारलं की आज काय झालं.

मामांनी तिला सगळं सांगितलं. ॲप्रनचं, पुठ्ठ्याचं, सावलीचं. तुझे जे फोटो तुला बरे वाटले ते मी शेजारी उभा होतो म्हणून बरे आले, असंही सांगितलं. ते सांगताना त्यांना वाटत होतं की आता ही पोर उठून जाणार. सिस्टर कोपऱ्यात आपल्या घड्याळाकडे बघत होती. चष्मेवालीने फक्त हनुवटी पुन्हा टेकवली.

मामांनी समोरचा फोटो काढला. मग डावीकडचा. तो स्क्रीनवर आला. एकेक गाठ आपली सावली घेऊन उभी होती, लाल, फुगलेली, जुन्या खड्ड्यांवर नव्या. इतका वाईट फोटो मामांनी आयुष्यात काढला नव्हता. त्यांचा हात स्क्रीन फिरवायला गेला.

"फिरवू नका मामा. बघू द्या."

मामांनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टर घड्याळाकडेच बघत होती. चष्मेवाली खुर्चीतून उठली, स्क्रीनच्या अगदी जवळ आली आणि आपला गाल बघत राहिली. मामा मनातल्या मनात शब्द जुळवत होते, काय म्हणावं, कसं समजवावं. तेवढ्यात ती म्हणाली, "म्हणजे हे खरंच आहे ना?"

मामांना प्रश्नच कळला नाही.

"घरी आई म्हणते, कुठे काय आहे तुला, उगीच बाऊ करतेस. दुकानात सगळे तेच म्हणतात. तुम्हीही म्हणायचात. चांगल्या मनाने म्हणायचात, मला माहितेय. पण सगळेच तसं म्हणायला लागले तेव्हा मला वाटलं की माझंच डोकं फिरलंय. गालाला काही नाहीच, मलाच दिसतं."

मामांचा काळा शर्ट पाठीला चिकटला. पेन्सिलीने पुसलेली सगळी तोंडं एकदम समोर आल्यासारखी झाली, आणि त्यांतल्या किती जणांना आपण असंच खोटं पाडलं असेल, ते त्यांना मोजवेना. ते कॅमेऱ्यामागून बाहेर आले. या वेळी शेजारी नाही, समोर उभे राहिले आणि त्यांनी तिचा डावा गाल सरळ, नीट, पहिल्यांदाच बघितला.

"आहे, पोरी," ते म्हणाले. "बरंच आहे. आणि दुखतही असणार."

"दुखतं," ती म्हणाली. "या कुशीवर झोपता येत नाही." आणि एवढं बोलून ती रडायला लागली, लहान मूल रडतं तशी, तोंड न झाकता.

ते फोटो त्या दोन डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांना फरक शोधावा लागला नाही. अभ्यास उभा राहिला, आणि ज्या गालांना काही मिळालं नव्हतं त्या सगळ्या गालांना लेझर मिळालं, चष्मेवालीच्या डाव्यालाही. पण हे पुढचं. त्या दुपारी यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. सिस्टरने तिला कापूस दिला, तिने तोंड पुसलं, पट्टी सारखी केली आणि परत खुर्चीत जाऊन बसली. मामा म्हणाले की रडल्याने गाल लाल झालेत, थोडं थांबू, लाली उतरली की तिन्ही पुन्हा काढू, मधेच उठलं की सगळं पहिल्यापासून, असा नियम आहे. ती हो म्हणाली. मग आपणहून मान वळवली, डावा गाल दिव्याकडे केला आणि तशीच बसून राहिली.